फुकट खाऊ घालून सवय लावताय म्हणे
एका लेखात म्हटलंय की शाळेत फुकट जेवण दिलं की आईबाप बेफिकीर होतात. अहो, जरा जिल्हा परिषदेच्या शाळेत सोमवारी दुपारी जाऊन बघा. रविवारची सुट्टी गेलेली असते ना, त्या दिवशी पोरं दुसऱ्यांदा ताट पुढं करतात. माझी मामी स्वैपाकी मदतनीस आहे म्हणून सांगतोय, ऐकीव नाही.

आमच्या वेळी, 95 नंतर, नुसते तांदूळ मिळायचे, महिन्याला 3 किलो, ते पण 80 टक्के हजेरी असेल तर, आणि ती पिशवी घरी गेली की सगळ्या घरात वाटली जायची, पोराच्या पोटात किती गेलं देव जाणे. 2001 ला सुप्रीम कोर्टाने शिजवलेलंच द्या म्हटलं तेव्हा कुठे खिचडी आली. आता पहिली ते पाचवीला 450 कॅलरी नि 12 ग्रॅम प्रोटीन असा हिशोब आहे. कागदावर तरी.

बोलायचंच तर अंड्यावर बोला की. शाळेच्या जेवणात अंडं 2023 ला सुरू केलं, 2025 च्या जानेवारीत राज्य सरकारने त्याचे पैसे बंद केले आणि म्हणे लोकसहभागातून द्या. लोक म्हणजे कोण, तर तेच मजुरीवाले पालक! आणि मामीला महिन्याला अडीच हजार, ते पण तीन-तीन महिने थकलेले, त्यात भांडी घासणं आलं, पाणी भरणं आलं. फुकट कोण राबतंय ते बघा आधी.