गोष्ट राहू द्या, तात्पर्य सांगा

तर भाऊ, पोराला गोष्ट सांगायचीच असेल तर पहिले त्यातलं खरं तेवढं काढून टाका. कोणी मेलं, कोणाला खाल्लं, कर्ज झालं, भूक लागली, हे सगळं बाहेर. मग जे काय उरेल त्याच्या बुडाला "तात्पर्य" लावा. झालं.

जुन्या लोकांना हे जमलंच नाही ना. फ्रान्सच्या पेरोनं 1697 मध्ये लाल टोपीवाल्या पोरीची गोष्ट छापली, त्यात लांडगा तिला खातो अन् गोष्ट खतम, वाचवायला कोणी येतच नाही, ग्रिम बंधूंनी शिकारी पाठवला तो 1812 मध्ये, म्हणजे पोट्टी शंभरावर वर्षं लांडग्याच्या पोटातच! पिनोकिओला तर कोलोदीनं झाडाला लटकवून गोष्ट संपवली होती, वाचणाऱ्यांनी ओरड केली म्हणून त्याला जिवंत करावं लागलं.

आपल्याकडं "श्यामची आई" वाढदिवसाला अवश्य द्या. पण पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, तेवढंच पान वाचून घ्या. पुढं सावकाराचा माणूस दारात येऊन त्या बाईला वाट्टेल ते बोलतो, ते नको, पोरांच्या मनावर परिणाम होतो. (साने गुरुजींनी हे 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिलं, तिथं त्यांना चाइल्ड सायकॉलॉजीवाले भेटले नसतील.) आपल्या घरी हप्त्यासाठी रिकव्हरीवाल्याचा फोन आला की मोबाइल पोराच्या हातात द्या अन् म्हणा, सांग बाबा घरी नाहीत. मग रात्री खरं बोलण्याचे संस्कार.

सगळ्यात डेंजर म्हणजे चिऊताई. आमची पोरगी सात वर्षाची, मे महिन्यात कूलरसमोर लोळत ऐकून राहिली होती, मधेच उठून बसली.

"बाबा, चिऊ नागपूरला राहते का?"

"हो, महाराजबागेत."

"मग तिचं मेणाचं घर काहून नाही वितळत? उन्हाळ्यात तर कावळ्याचंच बरं, शेणाचं थंड राहते."

मेण वितळायला साठच्या वर डिग्री लागते अन् आपला पारा फार तर 46-47 ला जातो, हे मी नंतर पाहिलं, पण वरच्या मजल्यावर टिनाखाली राहणाऱ्याला हे सांगून दाखवा तुम्ही. अशा वेळी कूलर फुलवर करावा, मग प्रश्न ऐकूच येत नाही.

पुढं हीच गोष्ट तिनं शाळेतल्या स्पर्धेत सांगितली. मॉरलला वेगळे मार्क होते. पोरगी म्हणाली, "पाऊस असला तरी दार उघडू नये." मार्क गेले. बाईंना "संकटात शेजाऱ्याला मदत करावी" हे पाहिजे होतं. आता मला सांगा, अख्ख्या गोष्टीत मदत करते कोण? थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे, थांब माझ्या बाळाला तीट लावू दे, अन् कावळा तिकडं भिजून राहिला. पण नाही, तात्पर्य म्हणजे तात्पर्य, ते गोष्टीतूनच निघालं पाहिजे असा काही नियम आहे का? मी घरी येऊन तिच्याकडून दहा वेळा पाठ करून घेतलं, तुम्हीही घ्या, शेजाऱ्याला मदत करावी, शेजाऱ्याला मदत करावी.

आठव्यांदा म्हणत होती तेव्हा बेल वाजली. भर दुपारी दोन वाजता खालचा चौकीदार, हातात रिकामी बाटली, "साहेब, थोडं थंडं पाणी." फ्रिजमध्ये मोजून दोन बाटल्या होत्या अन् संध्याकाळी पाहुणे येणार होते. मी आतूनच ओरडलो, "थांब जरा, आंघोळीला चाललो."

मागून कार्टी हळूच म्हणते, "तीट पण लावायची आहे ना बाबा?"