रॅमची फुगवण

कॉम्प्युटर जुळवायचा ठरला तेव्हा प्रोसेसरवर चर्चा झाली दहा मिनिटं आणि रॅमवर तीन आठवडे. फ्लॅट घेतानासुद्धा मी एवढा विचार केला नव्हता. अर्थात, तेव्हा बिल्डरनं करू दिला नव्हता.

"मामा, आपल्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ५६००जी प्रोसेसर बिचारा चित्र दाखवायलाही रॅमवरच जगणार," भाचा म्हणाला. त्यामुळे रॅम चांगली हवी, आणि बजेट तर आधीच ठरलेलं.

एमजी रोडवरचा दुकानदार म्हणाला, "साहेब, १६ ची एकच स्टिक घ्या. पुढे वाढवायला जागा राहते." मी मान हलवणार तेवढ्यात भाच्यानं कोपर मारलं. आठच्या दोन घ्यायच्या; म्हणजे ड्युअल चॅनल होतं. एकच असली तर डेटाचा रस्ता निम्मा. नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीतून रोज जाणाऱ्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

"दिव्यांची देऊ की साधी?"

"दिव्यांनी स्पीड वाढतो?"

"नाही. बिल वाढतं."

साधी घेतली. डीडीआर४ जातीची, वेग ३२००, सीएल१६; सीएल म्हणजे मागितलेला डेटा मिळेपर्यंत किती ठोके थांबायचं ते.

घरी मी दोन्ही स्टिका शेजारीशेजारी बसवल्या, सत्यनारायणाला जोडपं बसतं तशा. भाच्यानं त्या उपटून प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावल्या. मशीन सुरू झालं. टास्क मॅनेजर उघडला तर स्पीड २४००! पैसे ३२०० चे आणि माल २४०० चा? मी भांडायला चपला घालून जिन्यापर्यंत पोचलो होतो. भाच्यानं हाक मारली, "मामा, एक्सएमपी चालू करा." मदरबोर्ड सुरुवातीला सावध वेगानंच चालतो म्हणे, ३२०० पाहिजे तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन सांगावं लागतं. सांगितलं, मिळालं.

इथे शहाण्या माणसानं थांबावं. पण भाचा घरी गेला, आणि मी एकटा उरलो.

रात्री मी ३६०० टाकलं, टायमिंग सीएल१८ केलं, फॅब्रिक, म्हणजे प्रोसेसरच्या आतला डेटाचा रस्ता, १८०० ला नेलं, सेव्ह करायला एफ१० दाबलं. स्क्रीन काळी. पंखा फिरला, थांबला, परत फिरला. बोर्डावर डीरॅम लिहिलेल्या ठिकाणी एक बारीकसा दिवा लागला. बिनदिव्याची रॅम घेऊनही दिवा मिळालाच.

निफाडहून आलेले अण्णा सोफ्यावरून सगळं बघत होते. "काय करतोयस?"

"रॅमचा वेग वाढवतोय. कंपनीनं दिलाय त्याच्यापेक्षा."

"म्हणजे जीए."

चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेल्या माणसाला एवढंच पुरलं. घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या, द्रावणात बुडवले की मणी फुगतात. सगळा खेळ पीपीएमचा, म्हणजे द्रावणातल्या प्रमाणाचा. "डोस जास्त झाला की मण्याऐवजी दांडाच जाड होतो," अण्णा म्हणाले आणि कुशीवर वळले.

मग बोर्डावरचा रुपयाएवढा सेल काढायचा, पाच मिनिटं थांबायचं, परत लावायचा. बायोस सगळं विसरतं. ३६०० ला असं दोनदा केलं. ३४०० ला मात्र मशीन चालू झालं! मी रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर लावून झोपलो.

पहाटे पाचला अण्णांनी उठवलं. "हे लाल लाल काय आलंय रे?"

"एरर. चुका आहेत."

"किती?"

"बऱ्याच."

"दहावीच्या गणिताच्या पेपरावर असंच होतं," म्हणून ते चहा टाकायला गेले.

गणितावरून आठवलं म्हणून कागद घेतला. ३२०० ला सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंदांचा उशीर. ३६०० ला सीएल१८ म्हणजे, दोनदा केलं, तरी १० नॅनोसेकंद! बँडविड्थ तेवढी वाढली असती, साडेबारा टक्के. ती वाढली असती तर मी काय करणार होतो? जीएसटीची एक्सेल शीट उघडणार होतो.

३२०० वर परत यायचं म्हणून सेल तिसऱ्यांदा काढला, तो हातातून निसटून कुठे गेला कोण जाणे. सोफा सरकवला, अण्णांना सरकवलं, नाहीच सापडला. शेवटी वजनकाट्यातला काढून लावला. तोही सीआर२०३२ च निघाला. मशीन आता मुकाट ३२०० वर चालतंय. डॉक्टरांनी मला दर रविवारी वजन करायला सांगितलंय. गेले तीन रविवार मी मिसळ खाऊन येतो, काट्यावर उभा राहतो, आणि काटा काहीच बोलत नाही.