सांडपाण्याची विल्हेवाट : अळू

पुण्याचा २००७ ते २०२७ या वीस वर्षांचा विकास आराखडा शासनाने मंजूर केला तो जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे बाळाचं बारसं होईपर्यंत बाळ शाळेत जायला लागलं होतं. त्याआधीचा आराखडा १९८७ चा. दर वीस वर्षांनी आराखडा सुधारावा असं १९६६ चा नगररचना कायदा सांगतो. कायद्याला सांगायला काय जातंय? जिथे अख्ख्या शहराचा नकाशा असा ताटकळतो, तिथे मातीचं घर बांधू पाहणाऱ्या एका निवृत्त मास्तराने कुरकुर करणं शोभत नाही. तरी करतो.

पुण्यापासून दीड तासावर आमचे चार गुंठे आहेत. सातबारा, मोजणीची ‘क’ प्रत, बिनशेतीचा आदेश, सगळं जागच्या जागी. हे लिहायला एक ओळ पुरली. व्हायला किती वर्षं लागली ते विचारू नका, ही शेजारी बसून वाचतेय.

घर मनात होतं ते साधं. यंत्रात दाबून केलेल्या मातीच्या विटांच्या भिंती, वर कौलं, पुढे ओसरी, पावसाच्या पाण्याची टाकी आणि मागे न्हाणीच्या पाण्यावर अळू. एसी नको, फॉल सीलिंग नको. आर्किटेक्ट मुलगी तरुण आणि उत्साही. “काका, घर मी सहा महिन्यांत उभं करते,” म्हणाली. “परवानगीचं मात्र मी काही कबूल करत नाही.”

अर्ज ऑनलाइन. ‘भिंतींचे साहित्य’ या रकान्यात पर्याय तीन: वीट, काँक्रीट ब्लॉक, इतर. ‘इतर’ निवडल्यावर एक चौकट उघडली, तिच्यात मी ‘माती’ लिहिलं. पोर्टल म्हणालं, ‘कृपया वैध साहित्य नमूद करा.’ पुढचा रकाना ‘सांडपाण्याची विल्हेवाट’. तिथे मी सरळ लिहिलं, ‘अळू’. हे मात्र पोर्टलने निमूट घेतलं. यथावकाश त्रुटीपत्र आलं: ‘अळूची क्षमता नमूद केलेली नाही.’

“लिही की,” ही म्हणाली, “दोन माणसांच्या आंघोळीवर आठवड्याला एक फतफतं.”

मग कार्यालयात गेलो. भाऊसाहेबांनी फाईल उघडली, चष्मा वर सरकवला. “मास्तर, मातीचं म्हणजे कच्चं. कच्च्याला पक्की परवानगी कशी द्यायची?” मी काही बोलणार एवढ्यात शेजारच्या टेबलावरचे अभियंता म्हणाले, “किल्लारी आठवतंय ना?”

आठवतंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही, आणि त्या अभियंत्यांच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. पण मातीची घरं भूकंपात टिकवायची कशी, कोपरे कसे बांधायचे, आडवे पट्टे कुठे घालायचे, हे सांगणारं भारतीय मानक १३८२७ त्याच १९९३ सालचं आहे. सिमेंट किंवा चुन्याने पक्क्या केलेल्या मातीच्या विटांचं मानक १७२५ तर त्याहून जुनं. दोन्हींच्या छापील प्रती मी नेऊन दिल्या. भाऊसाहेबांनी त्यांवर आवकचा शिक्का मारून त्या नस्तीत लावल्या. आता त्या कोणी वाचण्याची भीती उरली नाही.

टाकीची कथा आणखी निराळी. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत पावसाचं पाणी साठवणं किंवा जिरवणं सक्तीचं आहे ते ५०० चौरस मीटरपासून पुढच्या भूखंडाला. आमचा चारशेच्या आसपास. सक्ती नाही, म्हणून टाकीला रकाना नाही. रकाना नाही म्हणून ती ‘अन्य बांधकाम’. आणि अन्य बांधकाम सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत आलं, म्हणून हरकत! त्याच नियमावलीने अगदी लहान भूखंडांची मात्र खरंच सोय केली आहे. १५० चौरस मीटरपर्यंत कागद आणि शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी, ३०० पर्यंत दहा दिवस. वडिलांनी जमीन थोडी कमी घेतली असती तर आज ओसरीवर बसून हा लेख लिहिला असता.

आमच्या शेजारी एक मोठं गृहसंकुल झालंय. त्यांच्याकडे पाणी जिरवायचा खड्डा नियमाप्रमाणे आहे. त्यावर फरशी टाकून सुरक्षारक्षकाची खुर्ची ठेवली आहे. त्यांना हरित मानांकनही आहे. अशा मानांकनाचं बक्षीस काय? आणखी बांधा! तारे असतील त्या मानाने तीन, पाच किंवा सात टक्के जादा चटईक्षेत्र. मला जादा चटईक्षेत्र नको आहे हो. चटई टाकायला ओसरी हवी आहे.

पार्किंगचंही राहिलंच. राष्ट्रीय इमारत संहितेत राहायची खोली किमान साडेनऊ चौरस मीटरची असावी लागते आणि मोटार उभी करायची जागा पावणेचौदाची. आमच्याकडे स्कूटर आहे. “पुढे घ्याल की,” असं भाऊसाहेब मायेने म्हणाले.

बाहेर चहाच्या टपरीवर एक सल्लागार भेटले. अशा ठिकाणी ते भेटतातच. “काका, नकाशात काँक्रीट दाखवा, परवानगी घ्या, मग बांधा काय बांधायचं ते. सगळे हेच करतात.” म्हणजे कागदावर काँक्रीट आणि जागेवर माती चालते. शेजारच्या संकुलात कागदावर झाडं आणि जागेवर काँक्रीट, तेही चालतं. दोन्हीकडे एकच असलं की फाईल अडते.

शेवटी मोठ्या साहेबांना भेटलो. वय कमी, बोलणं सभ्य. मी माझी सुधारणा मांडली: पर्यायांच्या यादीत ‘माती’ हा चौथा शब्द घाला, पुढे मानकाचा क्रमांक, खाली संरचना अभियंत्याची सही. टाकी सक्तीची नसली तरी तिला हरकत नाही, एवढी एक ओळ. अळूचा आग्रह मी सोडला. घरी विचारून सोडला.

साहेबांनी मनापासून ऐकलं, चहा मागवला. “सर, कल्पना उत्तम आहे. मी वर प्रस्ताव पाठवतो. फक्त वरून विचारणा होईल, की रीतसर परवानगी घेऊन बांधलेलं असं एखादं घर आपल्या हद्दीत आहे का.”

“नाही ना,” मी म्हटलं. “म्हणून तर आलोय.”

“हरकत नाही,” साहेब म्हणाले. “तुमचं बांधून झालं की फोटो आणून द्या, लगेच प्रस्ताव करू.”