स्मृती रीतसर कशी गमवावी

आपल्या प्रेमाची कसोटी लागावी अशी मनापासून इच्छा असेल, तर कर्जाचे हप्ते किंवा घोडबंदर रस्त्यावरचे रोजचे जाणे-येणे असल्या किरकोळ कसोट्यांवर वेळ दवडू नये. सरळ स्मृती गमवावी. सध्या हाच मार्ग सर्वमान्य आहे, आणि ठाण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये जेवणाच्या थाळीच्या भावात पॉपकॉर्न खात, नवऱ्याला विसरलेल्या नायिकेचा एक चित्रपट पाहून मी त्याचे संपूर्ण प्रशिक्षण नुकतेच घेऊन आलो आहे. ते आपल्यापर्यंत पोहोचवणे माझे कर्तव्य आहे.

अपघात पावसात आणि शक्यतो भांडणानंतर घडवून आणावा. मार डोक्याला लागला पाहिजे, पण केसांना लागता कामा नये. कपाळावर पट्टीचा एक चौकोन पुरे होतो. टाके घालण्यासाठी डोके भादरणारी रुग्णालये कटाक्षाने टाळावीत.

काय विसरायचे ते आधीच ठरवून ठेवावे. भाषा, मोटार चालवणे आणि ओठांना रंग लावणे शाबूत ठेवून केवळ नवरा विसरावा. रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ साली असे मांडले होते की स्मृती जाऊ लागली की अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि जुन्या टिकून राहतात. आपल्या दिग्दर्शकांनी त्यात एवढीच सुधारणा केली आहे की पोस्टरवर ज्याचे नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत आहे, तो तेवढा जातो. अपस्मारासाठी १९५३ साली मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्या हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णाची नव्या आठवणी साठवण्याची क्षमता गेली, ती डिसेंबर २००८ मध्ये तो वारला तेव्हाही परतलेली नव्हती. त्याच महिन्यात आपल्याकडे 'गजिनी' प्रदर्शित झाला. त्याचा नायक दर पंधरा मिनिटांनी सारे विसरत असे, पण व्यायामाचा खाडा त्याच्या दंडांवर कुठे दिसत नव्हता.

नायकाला नोकरी नसावी. ज्याची रजा शिल्लक नाही आणि ज्याला सकाळची जलद लोकल पकडायची आहे, त्याची बायको त्याला विसरली तर ती विसरलेलीच राहते.

स्मृती परत आणण्यासाठी डोक्यावर दुसरा आघात करावा. (मेंदू पहिल्या आघातातून सावरलेला नसताना दुसरा बसला तर सूज येऊन जीवही जाऊ शकतो, परंतु तोवर मध्यंतर उलटून गेलेले असते.)

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे ओळख पटवणे. या बाबतीत कालिदासाचा हिशेब चोख होता. दुष्यंताला शकुंतला का आठवत नाही, तर दुर्वासांचा शाप. केव्हा आठवेल, तर अंगठी दिसली की. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात तेच रंगभूमीवर गाऊन दाखवले आणि प्रेक्षकांनी माना डोलावल्या, कारण शापाला उःशाप असतो हे सर्वांना मान्य होते आणि शाप म्हणजे आजार, असे नाटकात कोणी म्हणत नव्हते. आजच्या चित्रपटाला मात्र डॉक्टर लागतो, एमआरआय लागतो, आणि एवढे होऊन उतारा पुन्हा अंगठीचाच! नायकाने जुना अल्बम दाखवावा, ठरलेले गाणे लावावे, डोळ्यांत डोळे घालून 'ओळखलंस का मला?' असे विचारावे, आणि नायिकेच्या डोळ्यांतून पाणी आले की समजावे, प्रेम खरे होते. न आल्यास काय समजावे, हे चित्रपट सांगत नाही. ते प्रेक्षक आपले आपण समजतात.

आमच्या एका वहिनींनी ते तसेच समजून घेतले. हा चित्रपट त्यांनी वाशीला पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी, न कळवता, अल्बम घेऊन त्या नौपाड्यात आमच्या घरी हजर झाल्या. माझ्या आईला डिमेन्शिया आहे. वहिनी तिच्या अगदी समोर खुर्ची ओढून बसल्या. "काकू, ओळखा पाहू मी कोण? असं काय करता, आठवा ना, गडकरीला नाटकाला नव्हतो का गेलो आपण?" आई पदराचे टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मग मोबाइलवर मोठ्या आवाजात गाणे लागले. आई घाबरून उठली, दाराकडे गेली, आणि त्या रात्री ती जेवली नाही. निघताना चपला घालता घालता वहिनी बाबांना म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा जास्त प्रयत्न करा. प्रेम असलं ना, की आठवतं हो माणसाला."

वहिनी, प्रेमाने आठवत नाही. मेंदूतल्या पेशी मरत आहेत, आणि गाणे लावून त्या जिवंत होत नाहीत. क्लाइव्ह वेअरिंग या इंग्रज संगीतज्ञाची स्मृती १९८५ साली मेंदूच्या संसर्गाने गेली. बायको खोलीबाहेर जाऊन परत आली तरी तो तिला वर्षानुवर्षांनी भेटल्यासारखा बिलगत असे. त्याचे प्रेम शाबूत राहिले आणि स्मृती परतली नाही. तुमच्या चित्रपटात ही दोन्ही वाक्ये एकत्र बसत नाहीत, हा दोष चित्रपटाचा आहे, माझ्या बाबांचा नाही. १९८३ च्या 'सदमा'त तेवढा प्रामाणिकपणा तरी होता: ज्याने स्मृती गेलेल्या नायिकेला सांभाळले, त्यालाच ती बरी झाल्यावर ओळखत नाही, आणि रेल्वे स्थानकावरच्या त्याच्या माकडउड्यांनीही काही होत नाही.

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. दिवेलागणीला आई रोज म्हणते, "मला घरी जायचंय." बाबा वाद घालत नाहीत. "चला, निघू या," म्हणून तिला चपला घालतात, लिफ्टने खाली नेतात, इमारतीला एक फेरी मारतात आणि वर आणून म्हणतात, "आलं बघा घर." कधी ती त्यांचे आभार मानते, कधी हे गृहस्थ कोण म्हणून मला विचारते. एवढे करणाऱ्या माणसाला तुम्ही प्रयत्न वाढवायला सांगितलेत. लाज वाटायला हवी होती.

पुन्हा यायचे असेल तर फोन करून या. आत आल्यावर "मी तुमच्या धाकट्या दिरांची सून," एवढे स्वतःहून सांगा आणि काहीही विचारू नका. अल्बम घरी ठेवा. जमल्यास तासभर आईजवळ बसा, म्हणजे तेवढ्यात बाबांना राम मारुती रोडला जाऊन केस कापून घेता येतील.