खुलासा : रक्त पणाला लावणारा माहजोंग जपानमध्ये खेळला जात नाही

‘जपानच्या माहजोंग क्लबांत पारदर्शक सोंगट्यांनी खेळतात आणि हरणाऱ्याचं रक्त काढून घेतात, सत्यघटना’ असा मजकूर एका चित्रासह फिरतोय. (माहजोंग म्हणजे नक्षी असलेल्या सोंगट्यांनी खेळायचा एक खेळ.) मीही तो खात्री न करता दोन गटांत पाठवला होता, म्हणून हे लिहिणं माझं कामच आहे.

ते चित्र नोबुयुकी फुकुमोतो यांच्या ‘अकागी’ या मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, कथेतलं आहे. तिच्यावर 2005 मध्ये २६ भागांची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकाही आली. मी ती पाहिलेली आहे, त्यामुळे चित्र नीट पाहिल्यावर प्रसंग लगेच ओळखू आला. म्हातारा धनाढ्य वाशिझु पैसा लावतो, समोरचा तरुण अकागी स्वतःचं रक्त. ३४ प्रकारच्या प्रत्येकी चार, अशा १३६ सोंगट्या. चारातल्या तीन काचेसारख्या आरपार, एकच नेहमीची. बोटांनी चाचपून नक्षी कळू नये म्हणून सोंगटी उचलताना हातमोजा घालावा लागतो. हा सगळा डाव लेखकाच्या कल्पनेतला आहे, आणि फार सुंदर रचलेला आहे.

जपानमधला नेहमीचा माहजोंग अपारदर्शक सोंगट्यांनीच खेळतात. तिथल्या दंडसंहितेच्या कलम १८५ नुसार जुगार हा गुन्हा आहे. 2018 पासून तिथे एम-लीग ही व्यावसायिक स्पर्धाही भरते, बिनजुगाराची.

तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच गटात हा खुलासा टाका.