स्लीव्हचं काय?

प्लास्टिकच्या बाटल्यांचा चुरा करून त्यापासून परत बाटल्या बनवण्यावरच्या लेखातलं ‘बाटली, झाकण, लेबल पाण्याच्या टाकीत आपोआप वेगळं होतं’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. झाकण एचडीपीई किंवा पीपी या प्लास्टिकचं, पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तरंगतं. बाटली ज्या पेट प्लास्टिकची असते त्याची घनता १.३८च्या आसपास (पाण्याची १), ते बुडतं. इथवर ठीक. पण ज्यूसच्या बाटलीवर गळ्यापासून बुडापर्यंत घट्ट बसवलेली रंगीत स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकचं वेष्टन, पीव्हीसी या प्लास्टिकची असेल तर तीही जवळपास तेवढीच जड. ती पेटच्या चुऱ्याबरोबर तळाला जाते. पुढे २६०-२८० अंशांवर पेट वितळवताना पीव्हीसी जळतं, हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं, पेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि माल पिवळट, काळ्या ठिपक्यांचा निघतो. त्याची परत बाटली कसली होते! पीव्हीसीऐवजी म्हणून खपवली जाणारी पीईटीजीची (पेटच्याच एका प्रकाराची) स्लीव्हही बुडतेच, वर ड्रायरमध्ये मऊ होऊन चुऱ्याचे गोळे करते.

इलाज अवघड नाही: पाण्यावर तरंगणारी पॉलिओलेफिनची (झाकणाच्याच जातीच्या प्लास्टिकची) स्लीव्ह, नाहीतर साधं बीओपीपीचं (पीपीच्या पातळ फिल्मचं) गुंडाळलेलं लेबल, गोंद फक्त टोकांना आणि तोही गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात सुटणारा. शाईसुद्धा तपासा. धुताना ती उतरली तर पांढरा चुरा गुलाबी होतो.