शेरीफसमोर खरं बोलणारा व्यापारी

"मला खोटं बोलता येत नाही, मी नाही खेळणार." 'शेरीफ ऑफ नॉटिंगहॅम'चा डबा काढला की कुणीतरी हे म्हणतंच. प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं, कारण हा बोर्ड गेम थापाड्यांचा आहे हा समजच मुळात चुकीचा आहे. यात सगळ्यात जास्त पैसा मिळतो तो खरं बोलून. फक्त ते समोरच्याला खोटं वाटलं पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सर्जिओ हलाबान आणि आंद्रे झाट्झ या ब्राझिलियन जोडीचा हा खेळ, २०१४ साली आलेला. आळीपाळीने एक जण शेरीफ, म्हणजे थैल्या तपासणारा अधिकारी, बाकीचे व्यापारी. व्यापाऱ्याने एक ते पाच पत्ते थैलीत घालून टिचबटण लावायचं आणि शेरीफकडे बघून सांगायचं, "चार पाव." पत्ते किती हे खरंच सांगावं लागतं. माल मात्र सफरचंद, चीज, पाव, कोंबड्या यांपैकी कुठला तरी एकच सांगायचा. आत मिरी, रेशीम, मधाची दारू, क्रॉसबो असा चोरटा माल, काहीही असो. शेरीफने थैली उघडली आणि खोटं सापडलं तर लपवलेला माल जप्त, वर दंड. खरं निघालं तर शेरीफनेच व्यापाऱ्याला दंड भरायचा.

आता हिशेब बघा. सफरचंदाच्या एका पत्त्याची किंमत २ नाणी, त्यामागे दंडही २. पाच सफरचंदं खरी सांगितली आणि शेरीफने संशयाने थैली उघडली, तर मालाचे १० आणि दंडाचे १०. वीस नाणी! पाच कोंबड्या बिनबोभाट पार केल्या तरी एवढेच मिळतात. रेशमाचा पत्ता ८चा, पण सापडला तर ते ८ गेले आणि वर ४ भरावे लागले. शेवटी सर्वाधिक सफरचंदं जमवणाऱ्याला २०चं बक्षीस असतं, ते वेगळंच.

थैली न उघडण्यासाठी शेरीफला लाच देता येते. म्हणून मुरलेला खेळाडू खऱ्या मालावरही लाच देऊ करतो. जरा चाचरत म्हणतो, "तीन नाणी घे आणि जाऊ दे ना." शेरीफ हमखास थैली उघडतो. समजा, नाही उघडली, तीन नाणी खिशात टाकली, तरी काही बिघडत नाही. पार झालेला कायदेशीर माल सगळ्यांना दिसेल असा उघडा मांडावा लागतो, चोरटा पालथा. म्हणजे तुम्ही सफरचंदांसाठी लाच दिलीत हे सगळ्यांनी पाहिलं. पुढच्या फेरीत तशाच आवाजात, तेवढ्याच लाचेवर रेशीम न्या.

लोकांचं लक्ष चेहऱ्याकडे असतं, ते असायला हवं बाजाराच्या टप्प्याकडे, म्हणजे हातातले पत्ते बदलले जातात तिकडे. टाकलेल्या पत्त्यांतून कुणी काय उचललं हे उघड दिसतं. ज्याने मघाशी दोन कोंबड्या उचलल्या तो "तीन कोंबड्या" म्हणाला तर निम्मी थैली तुम्ही न उघडताच वाचलेली असते. हे लक्षात ठेवणारा शेरीफ मला फार आवडतो. न बोलता सरसकट सगळ्या थैल्या उघडणारा अजिबात आवडत नाही. तो दंड भरून भिकेला लागतो आणि इतरांची घासाघीसही मारतो.

या घासाघिशीचा नियम तर अप्रतिम आहे. आत्ता हातात द्यायचं कबूल केलेलं द्यावंच लागतं, पण "पुढच्या वेळी तुझी थैली सोडतो" हे वचन कुणालाही बांधत नाही. तरीही ज्याने ते पाळलं त्याचा शब्द पुढे चालतो, आणि तो शब्द खर्च कधी करायचा हे त्याचं त्याने ठरवायचं.

तिघांत मात्र खेळू नका. चार-पाच जण हवेतच. कारण तुमची थैली उघडावी म्हणून इतर व्यापारीही शेरीफला पैसे देऊ शकतात, आणि त्यांच्यात चढाओढ लागायला ते एकाहून जास्त हवेत. आत पाच सफरचंदं असताना दोन प्रतिस्पर्धी तुमची थैली उघडायला बोली वाढवताहेत आणि तुम्ही "नको, नको" म्हणताय, यापेक्षा मोठी मजा मला दुसऱ्या कुठल्या खेळात मिळालेली नाही.